टेक्ससचा हिवाळा आणि पूलचा हीटर: वीज गेली तरी तो वाचवायचा कसा

डॅलसच्या आसपास, म्हणजे फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी, कोपेल, अर्व्हिंग या भागांत पूल असलेलं घर घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. घर घेताना आपण छप्पर बघतो, फाउंडेशन बघतो, एसी किती जुना आहे ते विचारतो. कुंपणाला लागून उभी असलेली पूलची यंत्रं मात्र 'पूलवाला बघेल' म्हणून सोडून देतो. उन्हाळाभर हे चालून जातं. हिवाळ्यात ज्या रात्री त्याची खरी गरज पडते, त्या रात्री पूलवाल्याकडे पन्नास घरं असतात आणि तुमचा नंबर लागत नाही. म्हणून हे काम घरातल्या निदान दोघांना आलंच पाहिजे. अवघड अजिबात नाही, फक्त आधी एकदा करून बघायला हवं.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. न्यू जर्सी किंवा शिकागोकडची मंडळी थंडी सुरू होण्याआधीच पूल बंद करतात: पाइप रिकामे, हीटर रिकामा, वर कव्हर, आणि वसंतापर्यंत कोणी तिकडे फिरकत नाही. उत्तर टेक्ससमध्ये पूल बंद करायची पद्धत नाही. इथे पाणी फिरतं ठेवतात. पारा गोठणबिंदूजवळ (३२ अंश फॅरनहाइट) आला की पंप आपोआप सुरू होतो आणि वाहतं पाणी सहजी गोठत नाही. पंधरापैकी चौदा थंड रात्री एवढ्यावर निभावते. पण ही सगळी व्यवस्था विजेवर उभी आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नेमकं तेच झालं. १५ तारखेच्या पहाटेपासून राज्यभर वीज कापली गेली, आणि १६ तारखेला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे २ अंश फॅरनहाइटची नोंद झाली, १९४९ नंतरची सर्वांत कडक थंडी. सुरुवातीला सांगितलं होतं की वीज थोड्या थोड्या वेळासाठी आळीपाळीने जाईल. अनेक घरांत ती दिवसेंदिवस आलीच नाही. पंप थांबले, पाणी जागच्या जागी गोठलं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, आणि हीटरच्या आतल्या तांब्याच्या पातळ नळ्यांना तेवढं पुरतं. नंतर प्लंबर आणि पूलवाले आठवडेच्या आठवडे मिळत नव्हते, सुटे भाग तर नाहीच. नवा गॅस हीटर बसवून घ्यायचा तर काही हजार डॉलर जातात. आणि हे नुकसान टाळायला लागतात ते पाणी सोडायचे चार-सहा प्लग काढण्याचे कष्ट.

१. तुमच्याकडे कोणता हीटर आहे ते आधी बघा

बहुतेक घरांत नैसर्गिक गॅसवरचा हीटर असतो: चौकोनी पेटी, एका बाजूला पाण्याचे दोन जाड पाइप आणि खाली एक गॅसचा पाइप. पेटीच्या वर किंवा बाजूला मोठा पंखा दिसला आणि गॅसचा पाइप नसला, तर तो हीट पंप, एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा दिसणारा. छतावर काळ्या पट्ट्या असतील तर सोलर. तिघांतही पाणी आत साठून राहतं, पण रिकामं करायची रीत वेगळी.

हीटरच्या नेमप्लेटचा फोटो काढा. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा आणि फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. वीज जाते तेव्हा वायफायही जातं, त्यामुळे 'तेव्हा बघू' म्हणू नका. मॅन्युअलमध्ये हिवाळ्यासाठीचं एक पान असतं आणि त्यावर ड्रेन प्लग कुठे आहेत याची आकृती असते. ते एक पान छापून गॅरेजमध्ये लावलंत तर फारच उत्तम.

२. सामान आणि कागद नोव्हेंबरमध्येच जमवा

थंडीचा इशारा आला की होम डेपोतले पाइपचे फोमही संपतात. म्हणून आधीच:

- पक्कड, स्क्रूड्रायव्हर, मोठा पाना
- डोक्याला लावायचा टॉर्च (दोन्ही हात मोकळे हवेत) आणि जादा सेल
- प्रत्येक ड्रेन प्लगच्या एकेक जादा ओ-रिंग (रबरी कडं)
- सिलिकॉनचं वंगण. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं आणि खराब होतं
- रबरी हातमोजे, जुने टॉवेल, दोन जाड ब्लँकेटं, ताडपत्री, चार विटा
- बॅटरीवर चालणारा पानं उडवायचा ब्लोअर, असेल तर
- कागद: हीटर बसवल्याची पावती, घराच्या विम्याची पॉलिसी, लायसन्स असलेल्या प्लंबरचा नंबर, आणि यंत्रं धडधाकट असतानाचे फोटो

विम्याबद्दल आत्ताच फोन करून विचारा की गोठून झालेलं पूलच्या यंत्रांचं नुकसान पॉलिसीत धरलं आहे का. प्रत्येक पॉलिसी वेगळी असते. हीटरच्या वॉरंटीवर मात्र भरवसा ठेवू नका; गोठून फुटलेला हीटर कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

३. फ्रीझ प्रोटेक्शन खरंच चालतं का, ते तपासा

फ्रीझ प्रोटेक्शन म्हणजे थंडीत पंप आपोआप सुरू करणारी सोय. पॅनेलवर 'फ्रीझ प्रोटेक्ट' लिहिलेलं दिसलं म्हणजे ते चालतंच असं नाही. यंत्रांजवळ भिंतीवर किंवा पॅनेलखाली बोटाएवढा एक सेन्सर असतो, त्याला बारीक वायर जोडलेली असते. तो सावलीत हवा. त्याच्यावर ऊन पडत असेल किंवा तो हीटरच्या गरम हवेच्या झोतात असेल, तर बाहेर ३० अंश असताना त्याला ४५ वाटतात आणि पंप सुरूच होत नाही.

परीक्षा सोपी आहे. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घ्या, सेन्सरभोवती धरा. काही मिनिटांत पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. नाही झाला तर सेटिंग बघा. ३८ अंशांवर ठेवलेलं बरं. पॅनेल 'सर्व्हिस' मोडमध्ये राहिलेलं नाही ना, हेही बघा. पूलवाला काम करताना तसं ठेवतो आणि कधी कधी तसंच सोडून जातो. त्या मोडमध्ये आपोआप होणारं काहीच होत नाही.

पंप सुरू झाल्यावर यंत्रांपाशी उभं राहून पाणी कुठे कुठे जातंय ते बघा. स्पा, धबधबा, कारंजं यांच्या वेगळ्या लाइनी असतात. फ्रीझ प्रोटेक्शनमध्ये त्या जोडलेल्या नसतील तर तिथलं पाणी तसंच उभं राहतं.

आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे हीटरचा बायपास. काही घरांत हीटर वापरायचा नसेल तेव्हा पाणी बाहेरच्या बाहेर वळवणारा व्हॉल्व्ह असतो. उन्हाळ्यात तो वळवलेला असतो आणि कोणी परत फिरवत नाही. मग पंप रात्रभर घरघरत राहतो, पूलमध्ये पाणी खळखळताना दिसतं, आपण निर्धास्त झोपतो. आणि हीटरमधलं पाणी जागचं हललेलंही नसतं. थंडी येण्याआधी हा व्हॉल्व्ह फिरवून पाणी हीटरमधूनच जाईल असं करा.

४. पाण्याकडे हिवाळ्यातही लक्ष ठेवा

पोहत नाही म्हणून पाण्याची चाचणी बंद करू नका. पीएच ७.४ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२० आणि कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४०० पीपीएम एवढं राखा. पीएच सतत ७.२ च्या खाली राहिला तर हीटरच्या नळ्या आतून झिजत जातात, आणि झिजलेली नळी थंडीत आधी फुटते. पूलच्या कडेला हिरवट-निळसर डाग दिसू लागले तर ते बहुधा तुमच्या हीटरचं तांबं आहे.

क्लोरीनच्या गोळ्या स्किमरच्या (पूलच्या कडेला पाणी आत ओढणाऱ्या तोंडाच्या) टोपलीत टाकायची सवय असेल तर ती सोडा. पंप बंद असताना तिथे तयार झालेलं आम्लयुक्त पाणी, पंप सुरू होताच थेट हीटरमध्ये शिरतं.

पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवी आणि टोपल्या रिकाम्या हव्यात. रेड ओकची पानं इथे ऐन थंडीच्या तोंडावर गळतात. टोपली पानांनी गच्च भरली की पंप हवा ओढतो, पाणी थांबतं, आणि फ्रीझ प्रोटेक्शन असून नसल्यासारखं होतं.

५. हवामानाच्या अंदाजात काय बघायचं

राष्ट्रीय हवामान सेवेच्या फोर्ट वर्थ कार्यालयाचा तासातासाचा अंदाज बघा. 'विंड चिल'च्या आकड्याने घाबरू नका. तो आपल्या कातडीला काय वाटेल याचा आकडा आहे. हवा ३४ अंश असेल तर वारा कितीही असला तरी पाइपातलं पाणी गोठणार नाही. वाऱ्याने एवढंच होतं की हवा ३२ च्या खाली असेल तर पाइप लवकर गार होतो. म्हणून खरं तापमान बघा आणि ते ३२ च्या खाली सलग किती तास आहे ते मोजा. रात्री तीन-चार तास २९ अंश आणि सकाळी ऊन, एवढ्याने सहसा काही होत नाही. दिवसभर पारा ३२ च्या वर चढतच नाही असा अंदाज असेल, त्यात बर्फाचा पाऊस आणि तारांवर बर्फ साचायची शक्यता असेल, तर वीज जाणार असं धरूनच चाला.

६. वीज आहे तोवर

पंप सलग चालू ठेवा, टायमरवर सोडू नका. व्हेरिएबल स्पीड पंप अगदी हळू चालत असेल तर वेग थोडा वाढवा, म्हणजे सगळ्या लाइनींत पाणी पोचेल. दर काही तासांनी जाऊन बघा की पाणी खरंच येतंय.

हीटर पेटवायची गरज नाही, नुसतं पाणी फिरलं की झालं. 'पूलच गरम ठेवू, म्हणजे काळजी नको' असं बरेच जण करतात. त्यात गॅस तर जातोच, शिवाय फार थंड पाण्यावर गॅस हीटर सतत चालवला की आत दव धरतं, काजळी साचते आणि हीटर गंजतो. किती अंशांच्या खाली सलग चालवू नये, ते तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

७. वीज गेली: आता हीटर रिकामा करायचा

किती वेळ थांबायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. माझं मत स्पष्ट आहे: बाहेर ३० च्या आसपास असेल तर अर्धा-पाऊण तास वाट बघा, पारा विसाच्या घरात असेल तर वाट बघूच नका. उगाच रिकामा केला तर एक तास वाया जाईल, न केला तर हीटर जाईल. शिवाय पाणी एकदा गोठू लागलं की प्लग काढूनही ते बाहेर येत नाही.

हा क्रम पाळा.

पहिलं, पूलच्या पॅनेलवरचे सगळे ब्रेकर बंद करा. पंप, हीटर, ऑटोमेशन, सगळे. वीज अवचित परत आली तर रिकामा पंप कोरडाच फिरेल आणि त्याचं सील जळेल. घरोघरी हीच पायरी राहून जाते.

दुसरं, हीटरजवळचा गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा. दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद.

तिसरं, यंत्रं पूलच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत का ते बघा. खाली असतील तर पूलमधून येणारा आणि पूलकडे जाणारा असे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय एकही प्लग काढू नका, नाहीतर पूलच तुमच्या अंगणात येईल. असे व्हॉल्व्ह नसतील तर ते ऑक्टोबरमध्ये बसवून घ्यायचं काम आहे, वादळाच्या रात्रीचं नव्हे.

चौथं, फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा छोटा व्हॉल्व्ह उघडा. फुस्स आवाज येईल आणि प्रेशरचा काटा शून्यावर येईल. हे न करता प्लगला हात लावू नका.

पाचवं, पंपाचं झाकण काढा. पंपाला बहुधा दोन प्लग असतात, एक जाळीच्या टोपलीखाली, दुसरा मोटरच्या बाजूला. दोन्ही काढा. फिल्टरच्या तळाचा मोठा प्लग काढा. स्वच्छतेच्या रोबोला पाणी देणारा वेगळा बूस्टर पंप असेल तर त्याचाही प्लग काढा. तो बिचारा कोपऱ्यात असतो आणि हमखास विसरला जातो.

सहावं, हीटर. गॅस हीटरमध्ये पाणी ज्या जाड भागातून आत-बाहेर करतं, त्याला हेडर म्हणतात. ड्रेन प्लग त्याच्या खालच्या अंगाला असतो, काही मॉडेलांत दोन्ही बाजूंना. प्लग काढला की आधी जोरात पाणी येईल, मग धार बारीक होईल. लगेच उठू नका. धार मध्येच थांबली तर तोंडाशी क्षाराचा खडा अडकला असेल. काडीने हलका टोचा, पुन्हा पाणी सुटेल. पुरतं थेंब-थेंब होईपर्यंत थांबा. मग बॅटरीचा ब्लोअर असेल तर पाइपाच्या तोंडाशी धरून आतलं उरलेलं पाणी बाहेर ढकला. नसेल तर हीटरच्या दोन्ही पाइपांवरची मोठी गोल युनियन (पाइप जोडणारी आट्यांची कडी) हाताने सैल करा.

अजून एक गोष्ट हीटरमध्ये राहते: प्रेशर स्विच. त्याच्याकडे जाणारी तांब्याची नळी पेन्सिलपेक्षा बारीक असते आणि बहुधा एक वळसा घेऊन वर जाते. हेडर रिकामा झाला तरी त्या वळशात चमचाभर पाणी उरतं, आणि तेवढ्याने स्विच फुटतो. स्विचपाशी ती नळी सैल करून पाणी काढा. मॅन्युअलमधल्या आकृतीत ही नळी आधीच लाल पेनाने खूण करून ठेवा.

सातवं, क्लोरिनेटर (क्लोरीनच्या गोळ्यांची डबी) रिकामा करा. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा, आतला वायू घशाला झोंबतो. मिठाच्या पाण्याचा पूल असेल तर सॉल्ट सेल (मिठापासून क्लोरीन बनवणारा भाग) काढून घरात आणा.

काढलेले सगळे प्लग पंपाच्या टोपलीत ठेवा आणि झाकण नुसतं वर ठेवून द्या. पंप सुरू करताना टोपली बघावीच लागते, त्यामुळे प्लग हरवत नाहीत आणि ते न लावता पंप सुरू होत नाही. मग सगळ्याचे फोटो काढा.

हीट पंप असेल तर पाण्याच्या पाइपांची दोन्ही युनियन सोडा आणि खालचा प्लग काढा. तो संपूर्ण गुंडाळू नका, हवा खेळली पाहिजे. जाळीवर बर्फ धरला तरी ठोकून काढायचा नाही. सोलर पॅनेल छतावर नीट उतरते बसवलेले असतील आणि हवा आत घेणारा व्हॉल्व्ह चालू असेल तर पंप थांबताच पाणी आपोआप खाली येतं. पण कित्येक पॅनेल मध्ये झोळ पडून वाकलेले असतात, तिथे पाणी साचतं. उन्हाळ्यात छतावर कोणी चढेल तेव्हा ते सरळ करून घ्या.

घरात वयस्कर माणसंच असतील आणि हे सगळं शक्य नसेल, तर ब्रेकर आणि गॅस बंद करून निदान पंपाचे आणि हीटरचे प्लग काढा. प्लग काढणंही नसेल होत तर ब्रेकर आणि गॅस बंद करूनच सगळ्यावर ब्लँकेटं टाका, वर ताडपत्री, कडेला विटा. याने गोठायला वेळ लागतो, गोठणं थांबत नाही.

८. हे अजिबात करू नका

गॅस हीटर चालू असताना किंवा आपोआप पेटू शकत असताना त्यावर ब्लँकेट किंवा ताडपत्री टाकू नका. आग लागू शकते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. गोठलेल्या पाइपांवर उकळतं पाणी ओतू नका, ब्लोटॉर्चची ज्वाळा लावू नका. गाडीचं अँटीफ्रीझ पूलच्या लाइनीत घालू नका, ते विषारी असतं. पूलसाठी मिळणारं प्रोपिलीन ग्लायकॉलचं वेगळं असतं. मोठ्या कॉम्प्रेसरने पाइपांत हवा मारू नका, फिल्टरची टाकी फुटून माणसं दगावू शकतात. आणि जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही.

९. थंडी ओसरल्यावर

वीज आली म्हणून लगेच ब्रेकर वर करू नका. पारा दिवसभर ४० च्या वर राहू द्या. हात लावून, टॉर्च मारून बघा: पंपाच्या टोपलीत, फिल्टरमध्ये, व्हॉल्व्हमध्ये बर्फ उरला आहे का. पंपाच्या आत बर्फ असताना तो सुरू केला तर पंखा तुटतो.

मग प्लगांच्या ओ-रिंग पुसून, सिलिकॉनचं वंगण लावून, प्लग हातानेच घट्ट बसवा. पाना लावून आवळलेला प्लास्टिकचा प्लग चिरतो. सैल केलेली युनियन आणि प्रेशर स्विचची नळी परत जोडा, व्हॉल्व्ह उघडा, पंपात बादलीभर पाणी घाला आणि कमी वेगाने सुरू करा. फिल्टरवरच्या व्हॉल्व्हमधून हवा जाऊन पाण्याची धार आली की तो बंद करा.

आता हीटरकडे या, पण पेटवू नका. अर्धा तास नुसतं पाणी जाऊ द्या आणि पेटीखालची जमीन बघत राहा. आतून थेंब पडत असतील तर नळी किंवा हेडर गेलेला आहे. बाहेरून पेटी धडधाकट दिसली तरी फसू नका. गॅस बंदच ठेवा, पाणी बायपास करा, फोटो काढा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. विम्याकडे दावा करायचा असेल तर फुटलेला भाग टाकून देऊ नका.

सगळं कोरडं असेल तर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा. बर्नरच्या जागेत उंदरांनी घरटं केलं नाही ना, कोळ्याची जाळी नाहीत ना, वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, हे आत डोकावून बघा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता लांब जा आणि तिथूनच गॅस कंपनीला फोन करा. गॅसच्या पाइपाचं काम स्वतः करायचं नाही, ते लायसन्सवाल्या प्लंबरकडूनच करून घ्या.

या आठवड्यातल्या एखाद्या उबदार दुपारी सातव्या भागातल्या सगळ्या क्रमाची एक रंगीत तालीम करून टाका. कोणता प्लग घट्ट बसलाय, कोणती ओ-रिंग वाळलीय, कोणता व्हॉल्व्ह फिरतच नाही, हे सगळं त्या दुपारी कळतं, आणि तेव्हा दुकानंही उघडी असतात.